घाम फुटतो म्हणजे नाटक नाही हो

आपल्या बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. वाचायला बसवलं की ज्या मुलाच्या हाताला घाम सुटतो, चुळबुळ होते, नजर ओळीवर मागेपुढे पळते त्याचं लक्षच नसतं, नाटकं असतात, रोज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावा, २१ दिवसांत सुधारेल. माझ्या भाच्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरं वाचणंच त्याला फार जड जातं, चौथीत आहे, म्हणून गप्प बसवेना.

आधी घामाचं बोलू. तळहाताचा घाम मर्जीने आणता येत नाही, काका, तुम्ही आणून बघा. ताण आला की शरीराची जी यंत्रणा आपोआप चालू होते तिच्या नसा तो आणतात. आणि डोकं जोर लावून काम करतं तेव्हाही शरीर ते दाखवतंच, १९६६ मध्ये कानेमन आणि बीटी या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना आकडे ऐकवून लक्षात ठेवायला सांगितले तर आकड्यागणिक डोळ्याची बाहुली मोठी होत गेली. आमच्याकडे ‘स्वच्छता’ आलं की भाचा स, व, च असं एकेक उकलत जातो आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते, मग पुन्हा पहिल्यापासून. याला लक्ष नाही म्हणायचं? आपण एका नजरेत वाचतो त्याला त्याचा केवढा जीव जातो!

नजर मागे जाते म्हणून डोळ्यांचे व्यायाम करून घ्या असं काहीजण सांगतात, तेही चूक. वाचताना कुणाचीच नजर सरळ सरकत नाही, उड्या मारते, मुरलेला वाचकसुद्धा मधूनमधून मागे जातो. अवघड मजकूर दिला तर तुमचीही जास्त जाईल, आणि या मुलांना त्यांना झेपेल असा मजकूर दिला की नजर बरीच सुधारते, म्हणजे नजर हे कारण नाही, अडखळण्याचा परिणाम आहे. मूळ अडचण बहुतेक वेळा अक्षर आणि आवाज जुळवण्यात असते.

घरी मराठी आणि शाळेत गुजराती म्हणून गोंधळ होतो असं कुणी म्हणालं तर ते सोडूनच द्या, एकच भाषा बोलणाऱ्या मुलांनाही डिस्लेक्सिया असतो.

हां, काही मुलांना सोबत एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्याची आणि अतिचंचलपणाची अडचण, असतो हे खरं, पण त्याची तपासणी वेगळी, घाम बघून ठरत नाही.

आणि सगळ्यांसमोर वाचायला लावणं, ते मला सगळ्यात लागलं. घाबरलेल्या पोराचं अर्धं डोकं कोण हसेल यातच अडकतं, अक्षरांना उरतं काय? आम्ही दार लावून दोघंच वाचतो, एक ओळ मी, एक तो, आवाज तोडून तोडून. तुमच्या घरी असं मूल असेल तर स्पेशल एज्युकेटरला, म्हणजे अशा मुलांना शिकवण्याचं खास शिक्षण घेतलेल्या शिक्षकाला, दाखवा, आणि शाळेत परीक्षेला जास्त वेळ मागा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण धरलेली आहे.