जे दिसत नाही, त्याला आधी पॉलिश करा

चार फुटी फिश टँकसाठी मी घरीच बनवायला घेतलेला लाकडी स्टँड एकदाचा पूर्ण झाला. त्याचे छायाचित्र पाहिलेल्या बहुतेकांनी "एवढ्या बारीक पायांवर एवढे वजन पेलेल का?" असे विचारले, "आतून काय लावले आहे?" असे मात्र एकानेही विचारले नाही. माझ्या मते विचारण्याजोगा प्रश्न हा दुसराच आहे आणि त्यासाठीच हे सविस्तर लिहितो आहे.

आधी वजनाचे बघू. टाकी १२० × ४५ × ५० सेंटीमीटर मापाची, म्हणजे काठोकाठ भरली तर २७० लिटर, अर्थात २७० किलो पाणी. १० मिलिमीटर काचेचे वजन चौरस मीटरला २५ किलो पडते, त्या हिशेबाने रिकामी टाकीच सुमारे ५५ किलोंची होते. त्यात तळाची वाळू आणि दगड मिळवले की एकूण भार ३५० किलोंच्या आसपास जातो. आकडा ऐकून छातीत धस्स होते हे खरे; पण उभ्या रेषांच्या दिशेने दाबले असता लाकूड फार मोठा भार सहज सोसते. ४५ × ९० मिलिमीटर छेदाचा, न तडकलेला, सरळ असा एकच आखूड खांब हा सगळा भार पेलू शकतो, आणि माझ्या स्टँडला असे सहा खांब आहेत. अट एकच, की भार लाकडावरून लाकडावर उतरला पाहिजे. वरची चौकट खांबांच्या माथ्यावर टेकलेली असावी. ती खांबांच्या बाजूला स्क्रूंनी लटकवली, तर सगळे वजन त्या चार-दोन स्क्रूंवर येते आणि जाडजूड खांब नुसते शोभेला उरतात.

स्टँडची खरी परीक्षा आडव्या धक्क्याने होते. चार पट्ट्यांची चौकट कोपऱ्यात कितीही घट्ट आवळली, तरी कोणी टाकीला रेलले, की ती तिरकी व्हायला बघते. तिला तिरपी पट्टी किंवा सलग पाठ हवी. मी १२ मिलिमीटरचा प्लाय मागच्या बाजूला चारही कडांनी गोंद आणि स्क्रू लावून बसवला. पाठ बसण्यापूर्वी एका बोटाने हलणारी चौकट नंतर दोन्ही हातांनी ढकलली तरी हलेना. नळ्या आणि वायरींसाठी त्या पाठीला भोके पाडावी लागतात. ती लहान ठेवावीत आणि कोपऱ्यांपासून दूर घ्यावीत.

आता पॉलिशविषयी. माझा पहिला स्टँड वजनाने मोडला नाही, तो पाण्याने फुगला. बाहेरून आरशासारखा चमकत होता. आतल्या बाजूला आणि कडांना मी काहीच लावले नव्हते, कारण तिथे कोण बघणार! फिल्टरच्या नळीच्या जोडातून थेंब-थेंब गळणारे पाणी तळाच्या एमडीएफच्या (लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून बनवलेल्या फळीच्या) उघड्या कडेत मुरत राहिले. दार लागेनासे झाले तेव्हा मी बिजागरीला दोष दिला, तिचे स्क्रू दोनदा काढून बसवले. कड बोटाने दाबून पाहिली तेव्हा ती ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली. एकदा फुगलेला एमडीएफ वाळल्यावरही मूळ जाडीला येत नाही.

म्हणून या वेळी मरीन प्लाय आणला. पण त्या नावानेही निर्धास्त होऊ नये. मरीन प्लायमध्ये थर चिकटवणारा गोंद पाण्याने सुटत नाही, लाकडाचे थर मात्र पाणी पितातच, आणि सर्वांत जास्त पितात ते कापलेल्या कडेतून. तेच घन लाकडाचे: फळीच्या सपाट अंगापेक्षा तिची टोके कितीतरी वेगाने ओलावा ओढतात. शिवाय फळीच्या एकाच अंगाला पॉलिश केले, तर दोन्ही अंगे वेगवेगळ्या गतीने फुगतात-आकसतात आणि फळी वाकते.

त्यामुळे जोडणीच्या आधीच प्रत्येक तुकडा सुटा ठेवून मी पॉलिश केला. ८०, १२० आणि १८० नंबरच्या सँडपेपरने घासून झाल्यावर ओल्या फडक्याने एकदा पुसले, म्हणजे दबलेले तंतू वर येतात, आणि वाळल्यावर ते पुन्हा हलकेच घासून टाकले. जिथे गोंद लागणार तिथे चिकटपट्टी लावून जागा कोरी राखली, कारण पॉलिशवर गोंद धरत नाही. पॉलियुरेथेनचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या वॉर्निशचा, पहिला हात पातळ करून दिला, तो मुरावा म्हणून. टोकांना आणि कडांना तर ती पिणे थांबवीपर्यंत देत राहिलो. त्यावर सगळीकडे आणखी दोन हात दिले, मध्ये ३२० नंबरचा कागद फिरवून. आतल्या बाजूलाही तेवढेच हात दिले. या कामाला सुतारकामाहून जास्त दिवस लागले आणि ते कंटाळवाणे होते, हे लपवत नाही.

हाताला कोरडे लागलेले पॉलिश आतून पक्के झालेले नसते. वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे दोन आठवडे, दारे उघडी टाकून स्टँड तसाच ठेवला, कारण ती वाफ पाण्यात उतरलेली माशांना सोसत नाही. मग लेव्हल (सपाटी पाहण्याची बुडबुड्याची पट्टी) लावून एका पायाखाली पातळ पाचर सरकवली. पाचर नेहमी स्टँडच्या खाली जाते. टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये घातली, तर काच एकाच बिंदूवर तोलली जाऊन तडकू शकते. माझ्या टाकीचा तळ पूर्ण सपाट असल्यामुळे खाली थर्माकोल घातला आहे. तळाला चौकट असलेल्या टाकीला तो घालायचा नसतो.

पाणी एकदम न भरता चौथाई-चौथाई भरले आणि दर वेळी लेव्हल पाहिली. पूर्ण भरून एक रात्र गेल्यावर दोन्ही टोकांना पट्टीने पाण्याची उंची मोजली. फरक १ मिलिमीटरचाही नव्हता. मासे अजून सोडलेले नाहीत.