सर, तुमच्या अकरा मुद्द्यांच्या स्लाइडविषयी

नमस्कार सर,

‘एका स्लाइडवर एकच विधान’ या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चार शब्द आणि एक फोटो ही विक्रीवाल्यांची रीत आहे, गंभीर विषयाची स्लाइड भरलेलीच असणार. बारावीची मुलं परीक्षेआधी पीपीटीच वाचतात. आपल्याकडच्या हॉलमध्ये मागच्या रांगांना आवाज नीट पोचत नाही. आणि मराठीत वाक्य आखूड करता येत नाही. उदाहरण म्हणून तुम्ही गोव्यातल्या खाजन शेतीवरची, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या जमिनीला बांध घालून केलेल्या शेतीवरची, तुमची अकरा मुद्द्यांची स्लाइड दिलीत.

गंभीर विषय म्हणून भरलेली स्लाइड, ही समजूत मला सर्वांत जास्त खटकते, म्हणून आधी तेच.

१६ जानेवारी २००३ला कोलंबिया यान उडालं तेव्हा इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी त्या आघाताचा अभ्यास केला आणि निष्कर्ष नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडवर मांडले. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाचा अहवाल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला आणि त्यात त्या स्लाइडपैकी एक बारकाईने तपासलेली आहे. तिचं शीर्षक धीर देणारं होतं: चाचण्यांचे आकडे पाहता आपला अंदाज सावधच आहे, अशा अर्थाचं. त्याखाली मुद्दे, उपमुद्दे, त्यांचेही उपमुद्दे. आणि अगदी तळाशी, सर्वांत खालच्या पातळीवर, एक ओळ: तुकड्याचं आकारमान १९२० घनइंच, चाचणीतल्याचं ३ घनइंच. म्हणजे ६४० पट. ज्या चाचण्यांच्या भरवशावर शीर्षक उभं होतं त्या चाचण्या या आघाताच्या जवळपासही जात नव्हत्या, हे सांगणारी ओळ तळाला पडली होती.

स्लाइडमुळे अपघात झाला असं कुणी म्हणत नाही. मंडळाने कारणं शोधली ती फोमच्या आघातात आणि नासाच्या कार्यसंस्कृतीत. पण ही स्लाइड वाचून एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याला प्रश्न जिवाचा आहे हे उमगलं नाही तर ते समजण्यासारखं आहे, असं अहवाल स्पष्ट म्हणतो. सर, यापेक्षा गंभीर विषय कोणता असेल? त्या स्लाइडवर माहिती होती, अगदी हवी ती होती. कुठली ओळ आधी वाचायची हे मात्र वाचणाऱ्याला कळत नव्हतं.

आता तुमची स्लाइड. मांडवी-झुआरीच्या काठची खारी जमीन, बांध, कोरगूट भात, मासळी, मिठागरं, कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था)... सगळं बरोबर आहे. सातव्या क्रमांकावर आहे ‘मानशीद्वारे पाण्याच्या पातळीचे नियंत्रण’. खाजनाचं सगळं कसब या एका ओळीत आहे आणि ती सहाव्या-आठव्याच्या मध्ये बसली आहे. मानस म्हणजे बांधातली पाण्याची वाट. मानशीचं लाकडी दार नदीच्या बाजूला उघडतं. भरती आली की बाहेरचं पाणी चढतं, दार चौकटीवर दाबलं जातं आणि आपोआप मिटतं. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, आतलं पाणी दाराला ढकलतं आणि वाट करून घेतं. वीज नाही, यंत्र नाही, ज्या पाण्याला अडवायचं तेच पाणी दार लावतं. बारावीच्या मुलाला हे एकदा दिसलं की तो विसरणार नाही. पण ‘नियंत्रण’ या शब्दात ते दिसत नाही.

मी असते तर ‘खाजन शेती’ हे शीर्षक काढून तिथे पूर्ण वाक्य लिहिलं असतं: ‘भरतीचं पाणीच मानशीचं दार बंद करतं’. खाली बांधाचे दोन उभे छेद शेजारी शेजारी, एक भरतीचा, एक ओहोटीचा. पाणी निळं, बांध तपकिरी, बाकी रंग नाहीत. नावं चित्रातच, त्या त्या भागाला चिकटून: नदी, बांध, मानस, शेत. कोपऱ्यात वेगळी रंगसूची नको, कारण मग डोळे सारखे ये-जा करतात. आधी भरतीचा छेद दाखवायचा, मुलांना विचारायचं की ओहोटीला काय होईल, आणि उत्तरं आल्यावर दुसरा. अॅनिमेशनचा एवढाच उपयोग मला खरा वाटतो. उरलेल्या दहा मुद्द्यांतले तीन-चार स्वतःची स्लाइड मागतील, बाकीचे तुम्ही तोंडीच छान सांगाल.

आवाज पोचत नाही हे तुमचं निरीक्षण रास्त आहे, आणि इथे संशोधनही थोडं तुमच्या बाजूने आहे. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं दाखवलं की चित्रासोबत निवेदन चालू असताना तेच शब्द पडद्यावरही आले तर शिकणं सुधारत नाही, उलट बिघडतं. डोळे वाचण्यात गुंततात आणि चित्र सुटतं. पण त्याला अपवादही आहेत: शब्द अनोळखी असेल किंवा भाषा ऐकणाऱ्याची पहिली नसेल तर पडद्यावरच्या शब्दांची मदत होते. आपल्या वर्गात घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि पुस्तकात इंग्रजी अशी मुलं असतात. तेव्हा ‘क्षारसहिष्णू’ (खारेपणा सोसणारं) असा शब्द जरूर लिहा. तेच वाक्य तीन भाषांत मात्र लिहू नका.

मराठीत वाक्य आखूड होत नाही हे मात्र मला पटत नाही. ‘मानशीद्वारे पाण्याच्या पातळीचे नियंत्रण करण्यात येते’ ही कचेरीची मराठी झाली. ‘मानस पाणी अडवते आणि सोडते’ असं तुम्ही वर्गात बोलताच. तेच लिहा.

देवनागरीची खरी अडचण वेगळी आहे. वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, त्यामुळे त्याच पॉइंटात अक्षराचा मुख्य भाग इंग्रजीपेक्षा लहान दिसतो. इंग्रजीला २४ पॉइंट चालत असेल तर देवनागरीला २८ ते ३२ ठेवा आणि दोन ओळींतलं अंतर वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स’ (Noto Sans) यांसारखा युनिकोड फॉन्ट घ्या, अगदी बारीक वजनाचा नको. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हं दिसतात. म्हणून पीडीएफ प्रतही जवळ असू द्या.

रंगांबाबत एवढंच: वेबसाठी जे सुलभतेचे निकष आहेत त्यांत मोठ्या अक्षरांना किमान ३:१ आणि साध्या मजकुराला ४.५:१ इतका उजेडाचा फरक मागतात. निळ्यावर लाल जेमतेम २:१ भरतो. आपल्या हॉलच्या खिडक्या दुपारी पूर्ण झाकत नाहीत, आणि प्रोजेक्टरला काळं टाकता येत नाही. पडद्यावर खोलीचा जितका उजेड तितकंच त्याचं काळं. म्हणून दिवसा पांढऱ्यावर गडद अक्षरंच.

राहिला परीक्षेचा प्रश्न. मुलांना वाचायला काहीतरी हवं, यात वाद नाही. कोलंबियाच्या चौकशी मंडळालाही हेच खटकलं होतं, की तांत्रिक अहवालाच्या जागी हाती स्लाइडच येतात. बोलताना दाखवायची वस्तू आणि घरी वाचायची वस्तू वेगळी करा. पॉवरपॉइंटमध्ये प्रत्येक स्लाइडखाली नोट्सची जागा असते. तुमचे अकराही मुद्दे तिथे पूर्ण वाक्यांत लिहा आणि छापताना ‘नोट्स पेजेस’ निवडा. वर चित्र, खाली मजकूर असं पान निघतं. ते तासानंतर वाटा. आधी दिलंत तर मुलं तुमच्याऐवजी त्यातच बघत बसतील.

चालत असेल तर फाइल मला ब्लॉगवरच्या ईमेलवर पाठवा, दोन्ही छेद मी काढून देते. सोबत तुमच्या गावच्या मानशीचा एखादा फोटो जोडा, शक्यतो ओहोटीच्या वेळचा, दार उघडं असतानाचा.