नॅनोछिद्रात कोंडलेला आयनिक द्रव निकामी होत नाही

सुपरकपॅसिटर म्हणजे सच्छिद्र कार्बनमध्ये आयन (भारित कण) गोळा करून वीज साठवणारं उपकरण. त्याच्या चर्चांमध्ये एक दावा सतत फिरतो. आयनिक द्रव, म्हणजे फक्त धन आणि ऋण आयनांचं बनलेलं द्रवरूप मीठ, नॅनोछिद्रात कोंडला की गोठतो. एक नॅनोमीटरहून अरुंद छिद्रात तर आयन शिरतच नाहीत. शिरले तरी धन-ऋण जोड्या सुटत नाहीत, म्हणून भार साठत नाही. आणि हालचाल इतकी मंद की उपयोग शून्य. यातलं जवळजवळ प्रत्येक विधान एखाद्या खऱ्या निरीक्षणाचा अर्धा तुकडा आहे. म्हणून ते पटतं, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणं गरजेचं वाटतं.

‘गोठतो.’ काही ठिकाणी गोठतोच. बीएमआयएम-पीएफ६ हा सुमारे ६ अंश सेल्सियसला वितळणारा आयनिक द्रव बहुभिंती कार्बन नलिकांत भरला, तर त्याचा स्फटिक २०० अंशांच्या पुढेही टिकल्याचं २००७ मध्ये नोंदलं गेलं. पण सिलिकाच्या छिद्रांत आयनिक द्रवांचा वितळणबिंदू खाली गेल्याचीही उदाहरणं आहेत. भिंतीला घन रूप जवळचं की द्रव रूप, यावर बदलाची दिशा ठरते आणि छिद्राच्या आकारावर त्याचं प्रमाण. कोणती भिंत, केवढं छिद्र, कोणता द्रव हे न सांगता केलेलं ‘गोठतो’ हे विधान तपासताच येत नाही.

‘शिरत नाहीत.’ हे सरळ चूक आहे. २००८ मध्ये पॅट्रिस सिमॉन आणि युरी गोगोत्सी यांच्या गटांनी टायटॅनियम कार्बाइडपासून बनवलेल्या कार्बनमध्ये ईएमआय-टीएफएसआय हा शुद्ध आयनिक द्रव वापरला. छिद्रांचा आकार बदलत नेला तेव्हा धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, सर्वांत जास्त मिळाली ती सुमारे ०.७ नॅनोमीटरला, म्हणजे जवळपास आयनाच्याच आकाराला. छिद्र त्याहून मोठं केलं की धारिता उतरली आणि लहान केलं तरी उतरली. त्यामुळे ‘जितकं बारीक तितकं उत्तम’ हा उलट बाजूचा दावाही टिकत नाही.

‘जोड्या सुटत नाहीत.’ माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर भाग इथे आहे. मोकळ्या द्रवात प्रत्येक धनायनाभोवती ऋणायनांचं कडं असतं आणि ऋणायनांभोवती धनायनांचं. वीज वाहणाऱ्या भिंतीच्या अरुंद छिद्रात हा नियम सैल पडतो. आयन आत आला की भिंतीत त्याच्या विरुद्ध भार ओढला जातो आणि हा प्रतिमाभार आयनाचं विद्युतबल झाकतो. शेजारच्या दोन आयनांमधलं आकर्षण किंवा प्रतिकर्षण मग अंतराबरोबर फार झपाट्याने विरतं. परिणामी सारख्या भाराचे आयनही शेजारी-शेजारी बसू शकतात. कोंद्रात आणि कोर्निशेव्ह या संशोधकांनी २०११ मध्ये हे सिद्धांतातून मांडलं आणि त्या स्थितीला सुपरआयनिक अवस्था म्हटलं. २०१७ मध्ये क्ष-किरण विखुरणाच्या मोजमापांतून दिसलं की आयनांचा जेमतेम एक थर मावेल अशा कार्बन छिद्रांत ही धन-ऋण मांडणी खरोखर अंशतः मोडते. मोकळ्या द्रवातलं चित्र तसंच्या तसं छिद्रात बसवलं की ‘जोड्या सुटत नाहीत’ हा निष्कर्ष निघतो. भिंतही या व्यवहारात भाग घेते, हे त्यात सुटून जातं.

‘मंद.’ ही तक्रार सर्वांत रास्त आहे. विद्रावकात विरघळलेल्या आयनांवर केलेल्या एनएमआर (चुंबकीय अनुनाद) मोजमापांत कार्बनच्या सूक्ष्म छिद्रांमधलं विसरण, म्हणजे आयनांचं आपोआप पसरत जाणं, शंभरपटींहून जास्त मंदावलेलं दिसलं आहे. मात्र २०१२ मधल्या न्यूट्रॉन विखुरणाच्या प्रयोगात, त्याहून रुंद छिद्रांच्या कार्बनमध्ये, एक आयनिक द्रव मोकळ्या द्रवापेक्षा वेगाने सरकताना आढळला. शिवाय विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. विसरण गुणांक, म्हणजे पसरण्याच्या वेगाचं माप, सेकंदाला १०⁻¹² चौरस मीटर इतका कमी धरला तरी एक मायक्रोमीटर आत जायला साधारण सेकंदभर लागेल. कार्बनचा कण निम्म्या आकाराचा केला तर हाच वेळ चौथाईवर येतो, आणि कणात रुंद वाटा ठेवल्या तर आणखी कमी होतो.