सात मूळ एककं आणि त्यांचा गोतावळा

फिजिक्सच्या कुठल्याही जाडजूड पुस्तकात पहिला धडा एककांचा असतो, आणि तो सोपा आहे याबद्दल सगळ्यांचं एकमत असतं. क्लासमधले सर म्हणतात, "हे फुकटचे मार्क आहेत." वरच्या वर्गातली मुलं म्हणतात, "त्यात काय, बसल्या बसल्या होतो." प्रवेश परीक्षेचं वेळापत्रक आखताना आमच्या चिरंजिवांनी रोटेशनल मोशनला अख्खा आठवडा दिला आणि एककांना अर्धी दुपार. उजळणी घ्यायला मला बसवलं. का, तर "यात समजण्यासारखं काही नाहीये, आई. तू फक्त प्रश्न विचार आणि मागची उत्तरं बघ." मी कॉमर्सची. समजण्यासारखं काही नसलेल्या गोष्टींवर सही करण्यात माझी हयात गेली, त्यामुळे लगेच तयार झाले.

सुरुवात तर झकास झाली. मूळ एककं सात: मीटर, किलोग्रॅम, सेकंद, अँपिअर, केल्विन, मोल आणि कँडेला. १९६० साली या पद्धतीचं एसआय असं बारसं झालं तेव्हा सहाच होती, मोल १९७१ मध्ये मागून आला. केमिस्ट्रीवाल्यांनी वशिला लावला असणार. जगातली बाकी सगळी एककं या सातांच्याच गुणाकार-भागाकारातून निघतात. इतका आटोपशीर कारभार मी कुठल्याच खात्यात पाहिला नव्हता. कौतुकाने पुस्तक मिटायला लागले तर चिरंजीव म्हणाले, "अगं, अजून पान उलटायचंय."

उलटलं. पुढच्या पानावर सीजीएस, म्हणजे सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद, नावाचं दुसरं बिऱ्हाड नांदत होतं. तिथे बलाला न्यूटन म्हणत नाहीत, डाइन म्हणतात. कार्याला ज्यूल नाही, अर्ग. एका न्यूटनचे एक लाख डाइन होतात आणि एका ज्यूलचे एक कोटी अर्ग. हे त्याने पाढ्यासारखं धडाधड म्हणून दाखवलं. मी सहज विचारलं, "एकाला लाख आणि दुसऱ्याला कोटी, असं का?" तो थांबला. मग वहीच्या कोपऱ्यात खरडलं: किलोचे ग्रॅम करताना हजार, मीटरचे सेंटिमीटर करताना शंभर, झाले लाख. कार्यात अंतराने आणखी एकदा गुणायचं, म्हणजे अजून एक शंभर, झाले कोटी. "अरेच्चा!" तो म्हणाला. आजवर पाठ असलेली गोष्ट खरीच निघाली याचा त्याला भलताच आनंद झाला.

त्यानंतर एफपीएस. फूट, पाउंड, सेकंद. यातलं पाउंड हे वस्तुमान की बल, असं विचारलं तर उत्तर येतं: दोन्ही. वस्तुमानाचा पाउंड वेगळा, बलाचा पाउंड वेगळा, शिवाय मध्येच पाउंडल नावाचा आणखी एक नातेवाईक. हे कोण वापरतं, म्हणून विचारलं, तर म्हणे विमानवाले.

विमानाची ती गोष्ट मला ठाऊक होती. १९८३ साली एअर कॅनडाचं एक नवंकोरं बोइंग ७६७ उड्डाणाच्या तयारीत होतं. इंधन हवं होतं २२,३०० किलो. टाकीत किती लिटर आहे, अजून किती भरायचं, याचा हिशोब कागदावर झाला. लिटरला ज्या आकड्याने गुणायचं तो होता १.७७, कारण सवयीने तोच वापरात होता. आता १.७७ हे एका लिटरचे पाउंड. किलो हवे असतील तर आकडा ०.८ च्या आसपासचा. गुणाकार अगदी चोख झाला, पुन्हा तपासला तरी तेवढाच आला, आणि विमान २२,३०० पाउंड, म्हणजे गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन उडालं. ४१,००० फुटांवर इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते अजस्र धूड तसंच तरंगत गिमली नावाच्या गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि सगळे वाचले. चिरंजिवांनी गोष्ट मन लावून ऐकली आणि म्हणाले, "पर्यायांमध्ये दोन्ही उत्तरं असणार. ट्रॅपच असतो तो." या पिढीला आकाशातून पडण्यापेक्षा निगेटिव्ह मार्किंगचं भय जास्त.

तसे सापळे पुढे पानोपानी होते. प्रकाशवर्ष हे कशाचं एकक? नावात वर्ष आहे, म्हणून काळावर खूण केली की मार्क गेले. ते अंतर आहे. पार्सेक त्याहून मोठा, ३.२६ प्रकाशवर्षांचा. बार्न हे क्षेत्रफळाचं एकक, दहाचा उणे अठ्ठाविसावा घात चौरस मीटर. एवढ्याशा जागेत अणूचं केंद्रक तेवढं मावेल. शेक हे काळाचं, म्हणजे सेकंदाचा दहा कोटीवा भाग. ही नावं प्रयोगशाळांमध्ये कोण कितपत घेत असेल ते असो, परीक्षेत त्यांना मरण नाही. सगळ्यात चमत्कारिक प्रकार इंग्रजी एम या अक्षराचा. लहान एम आकड्याच्या मागे आला तर मीटर, दुसऱ्या एककाच्या पुढे चिकटला तर मिली. मोठा एम पुढे चिकटला तर मेगा, आणि चौकटी कंसात एकटा बसला तर वस्तुमान. मिली आणि मेगामध्ये फरक किती? पेनाने बघितलं तर अर्ध्या ओळीच्या उंचीचा, उत्तराने बघितलं तर एक अब्ज पटींचा.

रेडियन या कोनाच्या एककापाशी आमचं वाजलं. कोनाला एकक आहे पण डायमेन्शन (म्हणजे राशी वस्तुमान, लांबी, काळ यांतल्या कशाकशाने बनली ते) नाही, हे मी गुमान ऐकून घेतलं. कोन म्हणजे लांबी भागिले लांबी, त्यामुळे हातात काही उरत नाही, पटलं. पण घरात असलेल्या एका जुन्या पुस्तकात लिहिलं होतं की मूलभूत एककं सात आणि पूरक एककं दोन, रेडियन आणि स्टेरेडियन. नव्या पुस्तकात पूरकांचा पत्ताच नाही. तर तो वर्ग १९९५ साली रद्द झाला आणि दोघांची रवानगी साधित एककांत झाली. "मग परीक्षेत पूरक एककं किती विचारलं तर काय लिहायचं?" मी म्हटलं. तो म्हणाला, "प्रश्न काढणाऱ्याचं वय बघून ठरवायचं."

डायमेन्शनचा भाग मात्र मला मनापासून आवडला. समीकरणाच्या डाव्या आणि उजव्या बाजूची डायमेन्शन जुळली नाहीत तर समीकरण शंभर टक्के चूक. जुळली तर मात्र ते बरोबर असेलच असं नाही. ही तर आमची तेरीज, म्हणजे जमा-नावे बाजूंचा ताळा! तेरीज जुळली नाही तर हिशोबात घोळ नक्की आणि जुळली तरी घोळ नसल्याची हमी कोणी देत नाही. सूत्रातला एक छेद दोन लावायचा राहिला, तरी या पद्धतीला पत्ता लागत नाही. टॉर्क आणि ऊर्जा या दोघांची डायमेन्शन हुबेहूब एक, पण राशी वेगळ्या. हे मी त्याला तेरजेच्या भाषेत सांगितलं आणि त्याने ते ज्या चेहऱ्याने ऐकलं त्यावरून फिजिक्सला कॉमर्सच्या मदतीची गरज नाही एवढं माझ्या लक्षात आलं.

आणि मग तो प्रश्न आला. मीच तो मोठ्याने वाचला: "समजा, एका नव्या पद्धतीत वस्तुमानाचं एकक अल्फा किलोग्रॅम, लांबीचं बीटा मीटर आणि काळाचं गॅमा सेकंद आहे. एक कॅलरी म्हणजे ४.२ ज्यूल, तर नव्या पद्धतीत तिची किंमत किती?"

"पण का?" मी म्हटलं.

"काय का?"

"नवी पद्धत का?"

माझा मुद्दा साधा होता. नुकतंच मागच्या पानावर वाचलं होतं, की हे सात एककांचं एकमत व्हायला माणसांनी काय काय खस्ता खाल्ल्या. मीटर ठरवायचा म्हणून १७९२ मध्ये दोन फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ, देलांब्र आणि मेशँ, डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतची जमीन मोजायला निघाले. देशात राज्यक्रांती चाललेली. दुर्बिणी घेऊन मनोऱ्यांवर चढणारी ही माणसं हेर असणार, असं समजून लोक त्यांना अडवत होते. सहा-सात वर्षं खपून जो मीटर आला, तो ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग असायला हवा होता. निघाला ०.२ मिलिमीटर आखूड. पण एकदा ठरला तो ठरला. १८७५ मध्ये १७ देशांनी मीटरच्या करारावर सह्या केल्या. पॅरिसजवळ सेव्ह्र इथे प्लॅटिनम-इरिडियमचा किलोग्रॅम काचेच्या हंड्यांखाली ठेवला आणि त्या तिजोरीला तीन किल्ल्या, तीन वेगवेगळ्या माणसांकडे. शंभरेक वर्षांनी त्याच्या प्रतींशी ताडून पाहिलं तर ५० मायक्रोग्रॅमच्या घरात फरक. आता व्याख्येनुसार तो ठोकळा चुकूच शकत नव्हता, म्हणजे बदललं असेल तर ते बाकीचं विश्व! शेवटी २० मे २०१९ पासून किलोग्रॅमला ठोकळ्यातून सोडवून प्लांकचा स्थिरांक या निसर्गातल्या न बदलणाऱ्या आकड्याला बांधलं. मीटर तर १९८३ मध्येच, म्हणजे ते विमान पडता पडता वाचलं त्याच साली, प्रकाशाच्या वेगाला बांधून झाला होता: सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, पुढे दशांश चिन्हही नाही.

एवढा सव्वादोनशे वर्षांचा खटाटोप झाल्यावर कोणी एक परीक्षक उठतो, "समजा" म्हणतो आणि एका ओळीत सगळं रद्द करून स्वतःचं राज्य जाहीर करतो. राज्याला नाव नाही, प्रजा नाही, तिथली लोकं बीटा मीटरची पट्टी कुठून आणतात याची चौकशी नाही. फक्त कॅलरी मोजायची.

चिरंजिवांना यातलं काहीच बोचत नव्हतं. त्याने एव्हाना उत्तर काढलं होतं. एकक जितकं मोठं तितका आकडा लहान, एवढं एकच सूत्र धरायचं, म्हणाला. ऊर्जेत वस्तुमान एकदा येतं, म्हणून अल्फा एकदा खाली. लांबी दोनदा येते, म्हणून बीटाचा वर्ग खाली. काळ मुळातच दोनदा भागाकारात असतो, म्हणून गॅमाचा वर्ग वर. ४.२ जसेच्या तसे. मी मागचं उत्तर पाहिलं. तंतोतंत तेच.

पुढच्या प्रश्नात आणखी एक राजवट आली. तिथे बल, वेग आणि काळ मूलभूत, आणि बिचाऱ्या वस्तुमानाला बाहेर काढून वर विचारणा, की तू या तिघांच्या भाषेत कोण? बल गुणिले काळ भागिले वेग. हे त्याने तोंडी सांगितलं. वस्तुमानाबद्दल मलाच वाईट वाटलं.

शेवटच्या प्रश्नात मूलभूत राशी होत्या बल, क्षेत्रफळ आणि घनता. यंग्ज मोड्युलसचं, म्हणजे पदार्थाचा ताठपणा सांगणाऱ्या राशीचं, डायमेन्शन काय? त्याने तिघांच्या डोक्यावर तीन घात मांडले, तीन समीकरणं केली, सोडवली. बलाचा घात एक, क्षेत्रफळाचा उणे एक, घनतेचा शून्य.

"शून्य?" मी म्हटलं. "म्हणजे तिचं यात कामच नाही?"

"नाही."

"मग तिला कशाला बोलावलं होतं?"

"आई, चार पर्याय भरायला नकोत का?" तो म्हणाला आणि रोटेशनल मोशनचं पुस्तक काढून बसला.