खोक्यावर ‘डायरेक्ट फिट’ छापणाऱ्यांच्या हातात एकदा पाना द्या

जुन्या स्पोर्ट्स कारचे सुटे भाग विकणाऱ्यांनो, एक सांगा. ‘डायरेक्ट फिट’ असं खोक्यावर छापण्याआधी तुमच्यापैकी कुणी ती वस्तू गाडीवर लावून बघतं का? एकदा तरी?

गाडी एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे जोड कार्ब्युरेटर, एसयू कंपनीचे, मॉडेल एचएस४. आता हा काही कुणी न पाहिलेला माल नाही. १९६२ ते १९८० अशी १८ वर्षं ही गाडी बनत होती, पाच लाखांच्या वर बनली, आणि सुरुवातीच्या बऱ्याच वर्षांच्या गाड्यांवर हाच कार्ब्युरेटर होता. म्हणजे मापं सगळ्या जगाला ठाऊक आहेत. नावातला चारचा आकडासुद्धा मापच सांगतो: एक इंच आणि वर चार अष्टमांश, म्हणजे दीड इंचाचं तोंड. एवढं उघडं गणित असताना चुकायचं म्हटलं तरी मेहनत लागते. ती मेहनत यांनी घेतली आहे!

माझ्या जोडीतल्या मागच्या बाजूच्या कार्ब्युरेटरचा थ्रॉटल शाफ्ट, म्हणजे हवेची झडप फिरवणारा दांडा, झिजून खिळखिळा झाला होता. शाफ्टच्या बाजूने हवा आत जायची, मिश्रण पातळ व्हायचं, आयडलिंग कधी वर तर कधी बंद पडण्याच्या बेतात. म्हणून नवा मागवला. मागणी नोंदवताना ‘मागचा’ असं स्पष्ट लिहिलं होतं. बॉडी मागची आली, फ्लोट चेंबर, म्हणजे पेट्रोल साठवणारी वाटी, मात्र पुढची. जोडीतले हे दोन कार्ब्युरेटर एकसारखे नसतात हो! जेटला, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाला, पेट्रोल नेणारी नायलॉनची नळीसुद्धा पुढची वेगळी आणि मागची वेगळ्या लांबीची. उजव्या पायात डावी चप्पल सरकवून ‘बसली की’ म्हणण्यातला प्रकार.

बरं, तो चेंबर बदलला, जुन्याचा लावला. मग अँगलचा घोळ. हे कार्ब्युरेटर मॅनिफोल्डवर (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळकांड्यावर) तिरके बसतात, पण फ्लोट चेंबर सरळ उभा राहायला हवा, म्हणून मधे तिरक्या कापाचं रबरी अडॅप्टर असतं. खोक्यात काय, तर सपाट वॉशर. चेंबर कलंडला की जेटमधली पेट्रोलची पातळी बोंबलली, मग वर बसून मिश्रणाचा नट कितीही फिरवा.

गॅस्केटची तर कमालच. एअर फिल्टरच्या बाजूच्या फ्लँजला, म्हणजे जोडायच्या सपाट कडेला, दोन बारीक भोकं असतात. कार्ब्युरेटरच्या आत वरखाली होणारा स्वतःचा पिस्टन असतो, त्याच्या खालच्या बाजूला बाहेरची हवा तिथून मिळते. वर व्हॅक्यूम, खाली हवा, म्हणून पिस्टन उचलला जातो. एसयूचा सगळा खेळच त्यावर. गॅस्केट उलटं लावलं तर ती भोकं बुजतात, हे जुनी माणसं पहिल्या दिवशी शिकवतात. इथे उलटं लावायचा प्रश्नच नाही, कारण गॅस्केटला भोकंच पाडलेली नाहीत! कसंही लावा, बुजणारच.

पण खरी तळपायाची आग मस्तकात गेली ती पेट्रोल वाहायला लागलं तेव्हा. पंप चालू केला आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून धार. चेंबर उघडला तर पेट्रोल आत येणं थांबवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हच्या सीटमध्ये ॲल्युमिनियमचा कीस अडकलेला. म्हणजे आटे पाडून झाल्यावर बॉडी कुणी धुतलीसुद्धा नव्हती. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला असतात, एक्झॉस्ट बरोबर खाली. इंजिन थंड होतं म्हणून बरं. गरम असतं तर?

आणि यातली एकेक चूक सुधारायची म्हणजे दोन स्क्रू काढले नि झालं, असं नसतं. थ्रॉटल आणि चोकचे दांडे दोन्ही कार्ब्युरेटरना जोडून असतात, त्यामुळे काढायची तर जोडीच काढायची. आधी फिल्टर, मग केबली, मग ते आतल्या बाजूचे खालचे नट, जिथे पाना जातो पण फिरत नाही. फिरला तर एक चतुर्थांश. बोटांची सालं निघतात. पुन्हा लावल्यावर दोन्हींचा हवेचा सूर जुळवा, नळी कानाला लावून हिस्स आवाज ऐका, पिस्टन जरासा उचलून इंजिन काय म्हणतं ते बघा. हे सगळं मी आनंदाने करतो. कारखान्याची झाडलोट माझ्या गॅरेजमध्ये करायला मात्र मी बसलेलो नाही.

पिस्टनला लटकून जेटमध्ये वरखाली होणारी नीडल कुठली घातली आहे? कागद नाही. आयडलिंगपासून पूर्ण थ्रॉटलपर्यंतचं मिश्रण ज्या एका सुईच्या निमुळतेपणावर ठरतं, तिचा कोड सांगायची गरज यांना वाटली नाही.

मधेच सल्लागार टपकतात, ‘काढून टाक ते, वेबर लाव.’ अहो, वेबर डीसीओई हा दुसऱ्याच कंपनीचा कार्ब्युरेटर, तो लावायचा म्हणजे मॅनिफोल्ड वेगळा, लिंकेज वेगळी, मग चोक ट्यूब, मेन जेट, एअर करेक्टर, इमल्शन ट्यूब अशा त्याच्या आतल्या बारीकसारीक भागांची जुळवाजुळव. एक दुखणं घालवायला चार पाळायची?

विक्रेत्याचं उत्तर ऐका: ‘एकदा गाडीवर बसवलेला माल परत घेत नाही.’ न बसवता तो बसत नाही हे कळणार कसं, महाराज? वर म्हणे, अनुभवी मेकॅनिककडून बसवून घ्यायला हवा होता. अनुभवी मेकॅनिक काय गॅस्केटला फुंकर मारून भोकं पाडतो?

आता जुनीच बॉडी बुशिंगला, म्हणजे शाफ्टच्या झिजलेल्या भोकांत नव्या बाह्या बसवायला, दिली आहे. नवे बुश, नवा शाफ्ट, बाकी मूळचं तेच. त्या खोक्यातली डँपरची (पिस्टनची हालचाल मंदावणाऱ्या भागाची) टोपी तेवढी बरी निघाली, ती मी ठेवून घेतली आहे आणि परत देणार नाही.