अंगणातला साप 2016 मध्ये नवा कसा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

काळा खापरखवल्या या मातीत राहणाऱ्या सापावरच्या लेखात मी '2016 मध्ये शोध लागला' असं लिहिलं, ते तुम्हाला खटकलं. आंबोलीकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या जो साप बघतात, ज्याला तुमचे आजोबा 'तिरक्या छाटलेल्या शेपटीचा दुतोंड्या' म्हणायचे, त्याचा शोध कसला? खवले मोजून जाती वाढवायच्या आणि ओळखीच्यांची नावं द्यायची, एवढाच हा उद्योग, असं तुमचं म्हणणं.

'शोध' हा शब्द चुकलाच, मान्य. लोकांचं सोडा, अभ्यासकांनाही हा साप आधीपासून माहीत होता. फक्त तो दुसऱ्याच्या नावावर खपत होता. ते नाव मेलानोफिडियम पंक्टेटम, मद्रास इलाख्यातले वनाधिकारी बेडोम यांनी 1871 मध्ये दिलेलं. पुढे आपल्याकडे तसाच काळा, चकचकीत साप मातीतून निघाला की तेच नाव लागायचं. पण शास्त्रीय नाव पुस्तकातल्या वर्णनाला बांधलेलं नसतं, संग्रहालयात दारूच्या बरणीत जपलेल्या नमुन्याला बांधलेलं असतं. डेव्हिड गोवर, वरद गिरी, अशोक कॅप्टन आणि मार्क विल्किन्सन या सर्प-अभ्यासकांनी हे जुनं दप्तर उघडलं. बेडोम यांच्या नमुन्यांपैकी एक त्या नावाचा धनी ठरवला. खरा पंक्टेटम दक्षिणेकडच्या डोंगरांतला निघाला. दक्षिण महाराष्ट्र आणि गोव्यातला आपला साप बिननावाचा उरला, म्हणून तो मेलानोफिडियम खैरेई झाला. म्हणजे 2016 मध्ये नवं काही असेल तर ते नाव, साप नव्हे.

आता खवले. मातीत राहणाऱ्या सापाचं मोजणार तरी दुसरं काय? डोळे मोहरीएवढे, मान अशी नाहीच, रंग दारूच्या बरणीत उडून जातो. खवल्यांच्या ओळी मात्र पिल्लू जन्मतं तेव्हा जेवढ्या, तेवढ्याच म्हातारपणी. मेलानोफिडियम वंशातल्या, म्हणजे माझ्या लेखातल्या सापाच्या गटातल्या, सापांच्या अंगाच्या मध्यावर 15 ओळी असतात आणि हनुवटीखाली एक उभी खाच. फिप्सनचा खापरखवल्या या दुसऱ्या सापाला मध्यावर 17 ओळी, खाच नाही. कंटाळवाणं काम आहे खरं, पण आळस केला तर काय होतं ते वर सांगितलंच.

नावांबद्दल फारसं भांडत नाही. नीलिमकुमार खैरे यांनी पुण्यात सर्पोद्यान उभारलं, हयात सापांत घालवली. 1888 मध्ये ज्यांचं नाव खापरखवल्याला दिलं गेलं ते फिप्सन मुंबईतले दारूचे व्यापारी होते (आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिवही). त्यांच्या नावावर आजवर कुणी कुरकुरल्याचं ऐकलं नाही.

पण तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात मोलाचा भाग तुम्ही जाता जाता लिहून गेलात: 'तिरकी छाटलेली शेपटी'. मेलानोफिडियमची शेपटी तशी नसते. ती बाजूंनी किंचित चपटी असते, टोकाला ढालीसारखी थाळी नसते. तिरकी, खरबरीत, चिखलाची टोपी चिकटलेली शेपटी युरोपेल्टिस या दुसऱ्याच वंशाची. तेव्हा आजोबांचा दुतोंड्या बहुधा माझ्या लेखातला साप नव्हेच. युरोपेल्टिसमधली नेमकी कुठली जात, ते तुमच्या एका शब्दावरून मी सांगणार नाही.

यंदा पावसात दिसला तर मारू नका, पकडूही नका. शेपटीचा वरून एक आणि डोक्याचा बाजूने एक असे दोन फोटो काढा, आणि गावाचं नाव लिहून पाठवा. शेपटीवरचा चिखल पुसू नका.