घर नको, बाकडं मागा

नवीन नगरसेवक आलेत म्हणजे तुमच्या पण डोक्यात किडा वळवळत असणार, की चला आता वस्तीचं काम मार्गी लावून घेऊ. तसं 7 मार्च 2022 पासून ते जानेवारी 2026 ची निवडणूक होईपर्यंत, म्हणजे जवळपास चार वर्षं, मुंबईला एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे होता, आणि खरं सांगू का, आमच्या नळाला काही ते कळलं नाही हो, पाणी आधी पण पहाटे साडेचारला यायचं नि नंतर पण साडेचारलाच. असो. आता 227 जण आहेत, अर्ज घेऊन जायचंच असेल तर जा, पण आधी माझं ऐका.

पहिली गोष्ट, पालिकेकडे पैसे नाहीत असं कधी म्हणू नका, वाईट दिसतं. 2025-26 चं बजेट 74 हजार 427 कोटींचं होतं आणि बँकेतल्या ठेवी 80 हजार कोटींच्या घरात. पैसा ढीग आहे, प्रश्न फक्त आधी काय करायचं नि मग काय एवढाच असतो. आणि "मग"मध्ये आपण बसतो.

तर जमिनीखाली जाणारं काहीही मागायचं नाही. गटाराची लाईन, पाण्याचा पाईप, मलटाकी, हे विसरा. गटारावर नाव कुठे लिहिणार? फीत कशी कापणार, वाकून? आमच्या वस्तीत सार्वजनिक संडास आहे, त्यातल्या दोन खोल्यांना दारं नाहीत, एकाची तर लादीच खचलेली, बायका अंधार पडायची वाट बघतात. आम्ही सह्या गोळा केल्या, फोटो काढले, शाळेतल्या सरांकडून शुद्ध मराठीत अर्ज लिहून घेतला, आमच्या भागातल्या नेतेसाहेबांनी चष्मा लावून पूर्ण वाचला सुद्धा (मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता), आणि तीन महिन्यांनी टेम्पो आला त्यातून चार बाकडी उतरली. सिमेंटची, मजबूत, पाठीवर लाल अक्षरात नाव, नावाच्या आधी "कार्यसम्राट". उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले, मी पण दोन खाल्ले, खोटं कशाला बोलू.

म्हणून म्हणतो, बाकडं मागा. ओपन जिम मागा, पेव्हर ब्लॉक मागा, आधीचे चांगले असले तरी चालतील, उखडून परत बसवतात. नाहीतर लायटिंग मागा. 2022 च्या शेवटी मुंबईचं सुशोभीकरण निघालं होतं ना, सतराशे कोटींच्या आसपासचं, पुलांखाली रंगीत चित्रं नि दिव्याच्या खांबांना लायटीच्या माळा. दिव्याच्या खांबाला दिवे! त्यामुळे संडासाला दार नसेल तर दाराची मागणी करू नका, दाराच्या जागी माळ मागा, लगेच मंजूर होईल.

घर हवंय? बघा, हौस असेल तर. त्यासाठी तुमच्या आजोबांनी गावाहून येताना ट्रंकेत भविष्य आधीच भरून आणायला हवं होतं. झोपडपट्टी पुनर्वसनात झोपडी 1 जानेवारी 2000 च्या आधीची असेल तर घर फुकट, त्यानंतरची पण 1 जानेवारी 2011 पर्यंतची असेल तर पैसे भरून, त्याच्याही नंतर आला असाल तर तुम्ही मुंबईत आहात हा तुमचा गैरसमज आहे. जुनं लाईट बिल, मतदार यादी, रेशन कार्ड सगळं प्लॅस्टिकमध्ये ठेवा कारण पावसात पुरावा आधी भिजतो, माणूस नंतर. तोपर्यंत आनंद माना की 500 चौरस फुटांपर्यंतच्या घराला पालिकेने मालमत्ता कर माफ केलाय, तुम्हाला तर घरच नाही, म्हणजे घराचा खर्च पण वाचला नि टॅक्स पण.

समजा नशीब उघडलं नि चेंबूरजवळच्या माहुलला घर मिळालं, तर नाक मुरडू नका. शेजारी रिफायनऱ्या आहेत, हवेबद्दल लोक कोर्टात गेले, पण फुकट ते पौष्टिक. तिथे प्रकल्पग्रस्तांसाठीची हजारो घरं पडून राहिली म्हणून 2025 मध्ये पालिकेने ती स्वतःच्याच कर्मचाऱ्यांना साडेबारा लाखांच्या आसपास विकायला काढली. मुंबईत साडेबारा लाखात घर! उड्या पडायला पाहिजे होत्या ना? नाही पडल्या. कर्मचारी हुशार आहेत, ती हवा कशी आहे ते त्यांना फायलीतूनच वास येऊन कळलं असणार.

आणि पक्क्या इमारतीत राहणाऱ्यांनो, हसू नका. तुमचा नंबर लावायचा सोपा मार्ग म्हणजे इमारत सी-वन यादीत नेणं, अतिधोकादायक. पावसाळ्याआधी नोटीस, तरी खाली नाही केली तर पाणी तोडतात, मग लाईट तोडतात. एवढ्या झटपट पालिकेचं दुसरं कुठलं काम होतं सांगा बरं. जायचं कुठे ते मात्र त्या नोटिशीत शोधू नका, डोळे दुखतील.

आमच्याकडे आता सगळं मस्त चाललंय. बाकडी आम्ही चौघांनी उचलून संडासासमोर नेऊन ठेवली, सकाळी नंबर लावायला बरी पडतात. आमची आजी पहिल्या बाकड्यावर बसते, पाठ कार्यसम्राटांच्या नावाला टेकवून, आणि आतल्याला ओरडते, झालं का रे तुझं?